कोटखोली

मिझुरीकाठच्या त्या लहानशा राजधानीत जानेवारी म्हणजे
श्वास मिशीवरच गोठायचे दिवस.
विधानभवनासमोरच्या हॉटेलात
व्हर्लिन टपर बावीस वर्षं कोट टांगते आहे.
कोट घ्यायचा, पितळी बिल्ला द्यायचा,
नाव विचारायचं नाही.

नावं तिला लागतही नाहीत.
विमा कंपन्यांचा माणूस आतल्या खिशातला लिफाफा काढून
मगच कोट सोपवतो.
जेवून निघालेला आमदार कोट चढवतो
आणि छाती दोनदा थोपटतो,
काळीज जागेवर आहे ना, बघावं तसं.

यंदा कायदा आला. हॉल्डिस ब्रेक्के म्हातारीनं
पाच वर्षं रेटून रेटून पास करून घेतला :
अधिवेशन चालू असेतो
लॉबीवाल्यांकडून एक सेंटही घ्यायचा नाही.
सोमवारपासून लागू.

म्हणून रविवारी रात्री
साठ खुंट्यांवर एकशे चौदा कोट.
इस्त्रीच्या फळीवर कोट, शिडीवर कोट,
आग विझवायच्या नळकांड्यालाही एक मिंक.
बाराला दहा कमी असताना
एक जण तिच्याच काउंटरवर चेकबुक उघडून वाकला.
"तारीख काय आज?"
व्हर्लिननं घड्याळाकडं पाहिलं.
"अजून दहा मिनिटं रविवारच आहे," म्हणाली,
आणि दोरीला बांधलेलं पेन पुढं सरकवलं.

मग शुकशुकाट.
आमदार आपापलं सूप आपापल्या पैशानं पितात,
टिप म्हणून चिल्लर ठेवतात.
परवा कोपऱ्यातल्या टेबलाशी
नर्सिंग होममधल्या दोन बाया
टोबाया लुंडला तासभर काहीबाही सांगत होत्या.
त्यानं नॅपकिनवर लिहूनही घेतलं.
असं आधी कधी नव्हतं. हेही खरं.

मंगळवारी विम्याच्या बिलावर मतदान झालं.
लुंडनं मत कसं दिलं, तिनं विचारलं नाही.
कोट चढवताना त्याचा हात छातीकडं गेला
आणि तिथंच घुटमळला.

कोटाच्या काठाला पांढरी रेघ होती,
बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात, त्या मिठाची.
तिनं ब्रशनं झाडलं. गेलं नाही.
ओल्या फडक्यानं पुसलं. गेल्यासारखं वाटलं,
वाळलं तशी रेघ पुन्हा वर आली.

"जुनं दिसतंय," ती म्हणाली.
"रविवारचं," तो म्हणाला,
आणि बिल्ला परत द्यायचा राहूनच गेला.