गावाच्या नावापुढचं अक्षर

मन्याडच्या अल्याड चिकाळा खालसा,
पल्याड चिकाळा जहागीर.
माती एकच, काळी, बुटाला सोडत नाही.
बोली एक. सोयरिकी तर इतक्या
की लग्नात कोण कुणाकडचं ते कळत नाही.
पाटीवर मात्र कंसात एक अक्षर:
इकडं (ख), तिकडं (ज).

मी भूकरमापक.
माझ्या काठीवरचा पांढरा डबा
उपग्रहांशी बोलतो, दोन सेंटिमीटरची चूक धरतो.
पण मोजायचं कशापासून?

खालशात फसली सनात साखळी फिरली होती.
दगड रोवले, नंबर पडले, नंबराला धनी मिळाला.
पल्याड जहागीरदाराचा नायब
घोड्यावरून बोट फिरवायचा:
‘त्या बाभळीपासून ह्या वढ्यापर्यंत.’
बाभळ वाळली. वढा सरकला.
बोट अजून हवेतच आहे.

त्याच दगडांवर मग खालशात उभं राहिलं
सोसायटीचं गोदाम, डेअरीचं संकलन केंद्र,
बँकेची शाखा, तिच्यासमोर झेरॉक्सचं दुकान.
नाही म्हणायला तहान खालशातही आहे.
पण तिथल्या तहानेला सातबारा आहे,
बोअर पाडायला कर्ज मिळतं.
जहागिरीतली पोरं सकाळी पूल ओलांडून
त्याच गोदामात पोती उचलायला येतात.

‘काय मोजूलालाव, म्याडम?’
द्वारकाबाई मठपती. हळदीच्या कामातून उठून आलेल्या,
मनगटापर्यंत पिवळ्या.
त्यांना हळद पॉलिशचं यंत्र टाकायचंय, स्वतःच्या रानात.
यंत्राचं कोटेशन आहे, गिऱ्हाईक आहे,
वसमतच्या बाजारातला भाव तोंडपाठ आहे.
बँकेनं उताऱ्यावरच्या एका ओळीवर पेन टेकवलं:
भोगवटादार वर्ग दोन. तारण चालणार नाही.

कारण ही जमीन इनाम,
मठातल्या दिव्याच्या तेलासाठी दिलेली.
मठ पडला. दिवा कधी विझला, कुणाला आठवत नाही.
जमीन अजून त्याच्या चाकरीत आहे.

मुंतखब वाचून घ्यायला आम्ही कंधारला गेलो,
सय्यद वजाहत मास्तरांकडं.
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यासमोर भिंग.
तालुक्यात ही लिपी वाचणारे आता ते आणि त्यांचे एक शागीर्द,
आणि शागीर्द पुण्यात कुरिअर वाटतो.
‘बशर्ते खिदमत,’ मास्तर वाचत गेले.
सेवा चालेल तोवर. पुढं कसर लागली होती.

मी सहज विचारलं,
ह्यात खालसा कसं लिहितात, आणि जहागीर?
त्यांनी माझ्याच वहीच्या कोपऱ्यात
एक पोट काढलं, डावीकडं उघडं.
‘ये देखो. पेट एकच.
नुक्ता वर दिला, ख. खाली दिला, ज.’
आणि हसले. त्यांना त्यात गंमत वाटली.

येताना बसमध्ये द्वारकाबाई बोलल्या नाहीत.
पूल आला तेव्हा म्हणाल्या,
‘यंत्र मी आणूलालेच. खालशात दिराचं शटर हाय.
भाडं घेणार हाय म्हणा तो.’

म्हणजे हळद इकडं पिकणार, तिकडं चमकणार,
आणि भाडं पुन्हा वरच्याच नुक्त्याला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या बांधावर काठी रोवली.
पडद्यावर हिरवा ठिपका आला, थरथरला, थांबला.
जबाबावर द्वारकाबाईंनी सही केली, सावकाश, पूर्ण नावानं.
कागद धरताना बोट उमटलं
‘जमिनीचा प्रकार’ ह्या रकान्यात:
पिवळा डाग, टिकलीएवढा,
अक्षर अजून पडायचंय तिथं.

ऑफिसात साहेब म्हणाले, कागद खराब झालाय, नवा लिहा.
मी हो म्हणाले.
अजून लिहिलेला नाही.