चौथा पाय

कास्त्रोची लाँच पहाटे सुटते.
ओतिलियाने पिशवीत घेतली एक सुतळी, दोन गाठींची:
पहिल्या गाठीपर्यंत तिच्या पावाचा पत्रा,
दुसरीपर्यंत आमच्या दाराची रुंदी.
मी घेतलं पाकीट. त्यात दोन मेंढ्या,
लसणाचं अख्खं पीक,
आणि थोरल्याने माशांच्या कारखान्यातून धाडलेले थोडे,
"विजेची घ्या" असं बजावून.

जुन्या चुलीची जाळी जूनमध्येच मोडली,
ऐन थंडीत. निखारे न सांगता राखेत पडायचे
आणि आम्ही दोघं एकमेकांना विचारायचो,
लाकूड तू घातलंस की मी?

दुकानात ब्रौलियो नावाचा पोरगा.
तो किलोवॅट बोलायचा, टक्के बोलायचा,
दुहेरी ज्वलन बोलायचा.
मी एका काचेपुढे उभा राहिलो होतो.
आतला जाळ दिसेल अशी चूल.
म्हातारपणी टीव्हीपेक्षा बरी, मनात म्हटलं.
ओतिलिया मनातलंही ऐकते.
"जाळ बघत बसलेला माणूस
लाकूड फोडायला उठत नाही."

मग ती एकेकीपुढे गेली
आणि मडकं घेताना वाजवावं
तशी बोटं दुमडून वाजवत राहिली.
एक पत्र्यासारखी किरकिरली.
एक बोललीच नाही.
कोपऱ्यातली काळी, जिचा मुलामा टवक्याएवढा उडालेला,
ती खर्जात काहीतरी म्हणाली.
ओतिलियाने भट्टीत कोपरापर्यंत हात घातला,
सुतळी ताणली, गाठ बरोबर कडेला आली.
"पाय कुठे?"
"चार आहेत की बाई, ओतीव लोखंडाचे."
"चुलीचे नाही रे. आमचे. ओल्या मोज्यांतले."

पोरगा कॅटलॉग चाळायला लागला, मग थांबला.
हळूच म्हणाला, "आमची आई
भट्टीचं दार उघडं टाकून त्यावर ठेवते."
"हीच बांध," ओतिलिया म्हणाली,
आणि त्या टवक्यापायी
धुराड्याचा एक कोपरा फुकट काढला.

एकशे चाळीस किलो.
लाँच कलली, तसा रोसामेल ओरडला,
"चूल डावीकडे, माणसं उजवीकडे!"
आम्ही सगळे उजवीकडे, दोन बदकंसुद्धा,
आणि समोर ती एकटी, ताडपत्रीत गुंडाळलेली,
सासरी निघाल्यासारखी.
धक्क्यावरून बैलांच्या घसरगाडीने वर.
दारातून आत जाताना
दोन्ही बाजूंना नख जाईल एवढीच फट.

पहिल्या जाळाला रंग जळतो.
खिडक्या सताड, डोळे लाल,
आणि ओतिलिया म्हणाली, रंगाचा धूर आहे.
मी विचारलं नव्हतं.
जुनी अंगणात पडली होती,
तिच्या भट्टीत कोंबडी जाऊन बसली.

जुनीचा चौथा पाय थोरला पाळण्यात असताना तुटला होता.
मी किनाऱ्यावरून दगड आणून लावला,
बोटभर उंच झाला,
उद्या बदलू म्हटलं.
बत्तीस वर्षं किटली डावीकडे घसरत राहिली,
रस्सा पातेल्यात डावीकडे खोल राहिला,
आणि डावीकडे बसणारा मी.
नवीवर सगळं समतल.
किटली ठेवली तिथे राहते,
तरी ओतिलियाचा हात जातो तिला धरायला,
आणि हवेत थोडा वेळ थांबून
पदर नसताना पदर सावरल्यासारखा
एप्रनला पुसला जातो.

ऑगस्टात एका रात्री लाकूड घालायला उठलो.
उल्मोचा ओंडका, दोन वर्षं वाळलेला, चटकन धरला.
त्या उजेडात पाहिलं,
किटली डाव्या काठाला.
वाकलो. गुडघे कुरकुरले.
उजव्या पायाखाली तोच दगड,
समुद्राने एका बाजूने चाटलेला.

आतल्या खोलीत ओतिलियाचा श्वास
झोपलेल्या माणसापेक्षा जरा शांत होता.
मी किटली मधोमध सरकवली.
ती परत आली.