बेचाळीस पेले

महिन्याच्या पहिल्या रविवारी
प्रभुभोजन आटोपलं की पेले मी धुते.
बोटभर उंचीचे, काचेचे, बेचाळीस.
आमच्या विहिरीचं पाणी खारं,
काच तशीच वाळली तर पांढरी पुटं धरते,
म्हणून शेवटचा हात कॅनच्या पाण्याचा.

अकरा वर्षं एक पेला भरलेलाच परत यायचा.
हनोख तायडे, मागून दुसरा बाक, खिडकीकडून.
तबक समोर आलं की मान हलवायचा,
तबक पुढं सरकायचं.
तो रस मी मागच्या कण्हेरीला घालायची.
मोरीत ओतवत नसे.

कारण गावाला ठाऊक:
सख्खा भाऊ रूबेन, आणि दोघांमधला धुरा,
दीड हात.
मोजणी झाली, तारखा झाल्या,
आई गेली तेव्हा दोघं कबरीच्या दोन अंगांना.
"मनात हे ठेवून कसा घेऊ, बाई?"
एवढंच म्हणाला होता मला, एकदा.

जानेवारीत माझा भाचा नथनेल आला,
बडनेऱ्याला इंजिनियरिंगला असतो.
त्याच्या मोबाइलात ते नवं यंत्र,
सांगाल ते लिहून देणारं.
पाळकसाहेबांना त्यानं संदेश काढून दिला.
साहेब म्हणाले, बरा आहे.
बराच होता, नेहमीपेक्षा आटोपशीर.

मग हनोखसाठी माफीचं पत्र.
अंगणात, खाटेवर बसून वाचून दाखवलं.
खरं सांगते, माझे डोळे भरले.
आई होती त्यात, दोघांनी मिळून वळलेला बैल होता,
एकही शब्द कुठं अडखळत नव्हता.
हनोख पायाचा अंगठा मातीत घासत राहिला.
"लय बेस लिवलं, पोरा.
पन हे म्हनून कोन रायलं?"

नथनेल हसला. मग त्यानंच यंत्राला विचारलं,
तू प्रार्थना करतोस का?
उत्तर आलं: नाही. मी प्रार्थनेचे शब्द जुळवू शकतो.
मला आवडलं ते.
आमच्यातलं कोण इतकं खरं बोलेल?
मीही कित्येक रात्री
दिवा मालवता मालवता शब्दच जुळवलेत,
मन उद्याच्या कणकेत.

पण चुकलं की ते लगेच म्हणतं, क्षमस्व.
दिवसातून चाळीसदा, नथनेल सांगतो.
त्याला काहीच पडत नाही त्याचं.
हनोखचा एक शब्द
अकरा वर्षं वर येईना, खाली उतरेना.
मातीच्या माणसात फुंकलेला श्वास
असा जिथं दाटतो,
तिथंच देव बसून असावा, वाट बघत.
यंत्रात ती जागा नाही.
किंवा असेलही. मी पेले धुणारी बाई,
कुठं फुंकायचं, कुठं नाही,
ते त्याचं तो जाणे.

फेब्रुवारीचा पहिला रविवार.
तबक दोन बाकांवर असताना हनोख उठला, बाहेर गेला.
चपला दाराशीच राहिल्या.
आम्हाला वाटलं, पोटात दुखत असेल.

पुढचं रूबेनच्या सुनेनं, सुवार्तानं, सांगितलं.
सासरा हरभऱ्यात घाटे भाजत बसलेला,
आणि भाऊ अनवाणी धुऱ्यावर येऊन उभा.
बोलेना. तोंड उघडे, मिटे.
वारा फिरला, धूर त्याच्या अंगावर गेला.
रूबेन म्हणाला, "इकडे बस. तिकडे धूर लागते."
मग दोघं खात बसले,
हात काळे, ओठ काळे.
माफी कोणी मागितली?
"कोनीच नाही," सुवार्ता म्हणते,
"माह्यासमोर तरी नाही."

मार्चमध्ये रूबेन आला, पण आत नाही.
बाहेर गाडीवर बसून राहिला, भावाला परत न्यायला.
पत्र अजून नथनेलच्या मोबाइलात असेल.

मी पेले मोजले. दोनदा.
कण्हेरीला त्या दिवशी
धुतलेलं पाणी तेवढं मिळालं.