धोंडा काढ

झेटर आमच्याकडे आला तेव्हाच म्हातारा होता.
चांदोरीच्या कुणाकडून, तिसऱ्या हातानं.
कागदावर कौसाआत्याची सही,
वळणदार, चौथीपर्यंतची.

रंग कुठला, यावर भावाचं नि माझं अजून भांडण.
तो म्हणतो लाल.
मी म्हणते गंज,
आणि गंजाखाली, टाकीच्या झाकणापाशी कुठेतरी
नखाएवढा लाल.

वडील रोज कंपनीच्या बसनं ओझरला जायचे,
विमानाच्या कारखान्यात,
आणि ट्रॅक्टरच्या क्लचला घाबरायचे.
त्यामुळे उगावात बाकीच्यांचा ट्रॅक्टर बापाचा असे,
आमचा आत्याचा.

बॅटरी नव्हती असं नाही.
कुणाच्या तरी लग्नात लाऊडस्पीकरला गेली
आणि परत आली ती नुसती पेटी.
म्हणून झेटर पाटाच्या भरावावर उभा,
तोंड खाली, शिवाराकडे,
मोठ्या चाकापुढे काळा धोंडा,
धोंड्याला काथ्याची दोरी
आणि दोरीचं टोक माझ्या हातात.

डिसेंबरात बागांमधून शेकोट्यांचा धूर निघायचा,
घडांना थंडी बाधू नये म्हणून.
माणसांचं काय, माणसं उठायचीच.
आत्या चेंबरखाली गोवऱ्यांचा विस्तव सारायची,
जाळ नको, नुसती धग,
आणि तोवर आम्ही दोघं त्याच विस्तवावर
तळवे शेकून घ्यायचो, इंजिनाच्या वाट्याचे.

मग ती चढायची. पदर खोचलेला,
वरून वडिलांचा जुना स्वेटर.
"तिरकी ओढ गं. समोर उभी राहू नको."
आणि मग, जणू देवाला सांगावं तसं हळू,
"काढ धोंडा."

तो पहिला क्षण बिनआवाजाचा असायचा.
एवढं मोठं लोखंड, आणि आवाज फक्त
चाकाखाली चिरडणाऱ्या मुरमाचा.
बाभळीपर्यंत आला की क्लच सुटायचा,
झेटरला ठसका लागायचा,
एक, दोन,
आणि धुराड्यावर पालथा घातलेला डालड्याचा डबा
टोपीसारखा उडायचा.
डबा झेलणं हे भावाचं काम.
त्याच्या कपाळावर त्याची खूण आहे.
सुनेला सांगताना तो क्रिकेट सांगतो.

रात्रीच्या नांगरटीला मला मडगार्डवर जागा, गोधडी घालून.
दिवा एकच, तोही इंजिन पळेल तेवढाच.
आत्या बोलायची नाही.
एकदाच म्हणाली, सासरी मला सायकलसुद्धा
हातात धरू देत नव्हते.
मग तास संपला, तिनं नांगर उचलला,
वळवला,
आणि पुढचं तास धरलं.

नवीन आला तेव्हा किल्ली फिरवली की सुरू.
मला काम उरलं नाही.
झेटर अंदरसूलच्या नामदेव जेजुरकरांनी नेला
आणि महिन्यात ते परत आले, एकटे, टोपी हातात.
सुरूच होत नाही म्हणाले.
आमच्याकडं समदं सपाट हाये.

"उतार काही मी विकला नव्हता," आत्या म्हणाली.
चहा दिला. कप विसळला.
मग खुंटीवरची पिशवी काढली
आणि त्यांच्याबरोबर येवल्याच्या एसटीत बसली.
दोन दिवस आली नाही.

तिथं तिनं काय केलं ते जेजुरकरांच्या मुलानं
फार वर्षांनी सांगितलं, बाजार समितीत, कांद्याच्या रांगेत:
चार ट्रॉल्या मुरूम,
दोन माणसं, धुमस,
आणि खळ्याच्या कडेला एक चढ.
उंची आत्यानं स्वतःच्या खांद्यानं मोजली होती.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "झाला चालू."
मी भरावावर गेले.
तिथं धोंडा नव्हता.
जाताना पिशवी जड होती, मला दिसलं होतं,
तोंडातून काथ्याचं टोक लोंबत होतं,
आणि मी विचारलं नव्हतं.

डबा मात्र राहिला.
भाऊ त्यात मांडवाच्या तारेचे खिळे ठेवतो.