जुनी ओळख

झाब्झेत नोव्हेंबरला चार वाजताच दिवे लागतात.
डॉक्टर वानात्स्का पडद्यावर फिल्म लावतात:
माझ्या बायकोचं हृदय.
म्हणजे कुणा परक्या पोराचं. वय चोवीस,
सहा वर्षांपूर्वी एवढंच सांगितलं होतं आम्हाला.

“इथे बघा, कोत्सुर.”
मला बघता येतं.
एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली,
बोगदा कसा आवळतो ते शिकवायला नको.
छत एकदम येत नाही खाली.
आधी भिंती बोट-बोट आत सरकतात,
मग एके दिवशी डबा अडतो.

हा चरबीचा गाळ नव्हे, बाई म्हणतात.
भिंतच जाड होतेय आतून, चहूबाजूंनी सारखी.
रक्तातली प्रतिपिंडं धमनीच्या अस्तराला चिकटतात,
जिवानिशी मारत नाहीत,
रोज डिवचतात नुसती,
आणि चिडलेलं अस्तर थरावर थर चढवत जातं.

कुणाविरुद्धची प्रतिपिंडं?

त्या कागद चाळतात. जरा अवघडतात.
पेशींवर एक खूण असते, एक अक्षर, एक आकडा.
त्या मुलाच्या पेशींवर होती.
तुमच्याही आहे. मागच्या महिन्यात
तुमचं रक्त घेतलं ते त्यासाठीच.
एर्विनच्या वेळी, त्र्याऐंशी साली,
बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळलं असणार;
त्यातून तुमची खूण तिच्या शरीराने पाहिली,
परकी म्हणून लिहून ठेवली.
ऑपरेशनआधीच्या चाचणीत काही सापडलं नाही.
आठवण झोपली होती.

बाहेर ट्राम वळताना करकरली.
मी टोपी हातात फिरवत राहिलो.

छातीत दुखतं का हो, एल्फ्रीदा?
नाही.
दुखणारही नाही, बाई म्हणतात,
हृदय बसवताना नसा तुटल्या त्या तुटल्या.

खाणीत पूर्वी लाकडाचे टेकू असायचे.
भार आला की कुरकुरायचे, आम्ही पळायचो.
मग लोखंडी आले, मजबूत.
ते शेवटपर्यंत तोंड उघडत नसत.

आता रक्त गाळतील, प्रतिपिंडं काढतील,
ती पुन्हा बनतील, पुन्हा गाळतील.
एक नवं औषधही आहे, आशा आहे असं म्हणाल्या,
आणि फाइल मिटली.

थांब्यावर एल्फ्रीदाने माझा मफलर नीट केला.
“बघ,” म्हणाली, “चाळीस वर्षं झाली,
तुझं नाव काढलं की अजून रक्त उसळतं माझं.”
आणि हसली. मला हसता आलं नाही.

रात्री ती कुशीवर वळली की
तिच्या पाठीला कान लावतो.
नव्वद ठोके, झोपेतसुद्धा.
ह्या हृदयाला हळू व्हा म्हणून सांगणारं कुणी उरलेलं नाही.

पोरा,
तुझा माझा काही संबंध नव्हता.
एक अक्षर, एक आकडा.