सावद्याची चौकी

दरोगा तुराबबेग सांगायचा, काडीनं दात कोरत:
त्याच्या खापरपणज्याच्या गवताळ मुलखात
एका दौडीच्या टप्प्यावर एक चौकी,
चौकीत घोडे, घोड्यांना दाणा.
कमरेला चांदीची पट्टी लावलेला स्वार दिसला
की बसलेला घोडा आपणहून उठायचा.
"खान इकडं खोकला तर
समुद्रापर्यंतचे लोक गुळण्या करत, रुबाब."

मग ते राज्य मेलं कसं?
"एका हिवाळ्यात दाणा आला नाही," म्हणाला,
आणि आमच्या रित्या पागेकडं बघायचं टाळलं.

मी तडवी, पालच्या डोंगराखालचा.
घुंगराची काठी, खांद्याला मेणकापडाची थैली.
रावेरच्या माणसाकडून घ्यायची, यावलच्या माणसाला द्यायची.
मधले आठ कोस, तेवढीच माझी बादशाही.
वाचता येत नव्हतं, पण वजन कळायचं:
महसुलाचे कागद जड,
फर्मान हलकं, अत्तराच्या वासाचं,
मरणाची गाठ कुणीही बांधो, घट्टच.

त्या साली नव्या बादशहाची द्वाही आली.
धावलो. मोर नदी दुथडी.
थैली बाभळीला टांगून दोन रात्री बसलो.
तिसऱ्या सकाळी मागून दुसरा हरकारा, धापा टाकत:
तो गेला. हा घे पुढचा.

एकाच खांद्यावर दोघं घेतले.
वजन सारखंच.

यावलचा वाकनीस बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, थांबू. अजून एखादा येईल.

पुढली थैली चैतात आली.
आत काही नव्हतं. शिक्का मात्र शाबूत.

मग तापीपलीकडून भाले आले, चौथाईचा हिशेब मागत.
तुराबबेगनं बोरू उचलला. दौतीत शाई वाळलेली.
थुंकून ओली केली, दोन ओळी लिहिल्या,
घडी घातली.
मी यावलला पोचलो तर चौकीत शेळ्या,
आणि एक पोर, त्यांना हाकलायला नाही,
राखायला बसलेलं.

कागद परत आणला.
त्यानं विचारलं नाही.

आता ती घुंगरं माझ्या म्हशीच्या गळ्यात.
म्हातारी कुत्री अजून आवाजासरशी उठून
वाट सोडतात.
कुणी दारात येतं, डोळ्यांवर हात धरून:
काय खबर, भो?

व्याली नाही अजून, म्हणतो मी.