अर्ध्या ओळीत

तार्तूमधला मार्च, रात्रीचे अकरा.
नदीवरचा बर्फ आतल्या आत तडकतोय.
विर्वे दोनच अक्षरं दाबते, नावाचं नुसतं डोकं,
धड टॅबने आणून द्यावं म्हणून.

टॅब काही आणत नाही.
ओळीच्या मधोमध ओरडतो: असा कप्पा नाही.
असा कप्पा नाही. असा कप्पा नाही.
तीनदा, कारण बोटाला धीर नव्हता.
तिची अर्धी आज्ञा फुटते, खाली सांडते.

स्क्रिप्ट तिचीच, नऊ वर्षांपूर्वीची.
तेव्हा वाटायचं, लिहून ठेवलेली वाट
कुठेतरी पोचणारच.

कप्पा काल्यूचा होता.
दलदलीच्या तळातून सात मीटरवरचे परागकण
काढून मोजणाऱ्या काल्यूचा.
नावांत तो मोकळ्या जागा सोडायचा,
अक्षरांवर टिंबं द्यायचा.
"स्क्रिप्ट अडखळते रे," ती म्हणायची.
"अडखळू दे. मीही अडखळतो."
शुक्रवारी त्याची जुनी डिस्क काढली, खोक्यात गेली.
तो हाप्सालूला राहतो आता, फोन उचलत नाही.

विर्वे एक ओळ घालते:
आधी बघ, आहे का.
वाटेला अवतरणात गुंडाळ, मोकळ्या जागांसकट.
नसेल, तर हात हलवत परत ये,
पण बोंब मारू नकोस.

शेजारचा ओट काळी पाव चावत विचारतो,
"मग कळणार कसं? गप्प बसणं म्हणजे खोटंच की."
ती जरा थांबते.
"अजून कुणी विचारलंच नाहीये, ओट.
माणूस शब्द शोधतोय.
अर्ध्या प्रश्नाला कुणी नकार देतं का?
एंटर दाबू दे त्याला. मग सांग. एकदा. स्पष्ट."

ओटला हे फारसं पटत नाही.
तिलाही पूर्ण नाही;
मंद डिस्कसुद्धा अशीच गप्प असते, तिला ठाऊक आहे.
ती चुकांसाठी वेगळी फाइल ठेवते,
न वाचली जाणारी, बहुतेक.

पुन्हा दोन अक्षरं. टॅब.
काहीच होत नाही.
कर्सर लुकलुकतो, जागच्या जागी.

मग ती पूर्ण नाव स्वतःच टाइप करते,
मोकळ्या जागा, टिंबं, सगळं,
जसं तो लिहायचा तसं.
एंटर.

यंत्र म्हणतं, नाही.

"बरं," विर्वे म्हणते,
आणि ओटच्या हातातला पावाचा तुकडा मोडून घेते.